केबल कारच्या खालच्या टोकाला

टिटलिसच्या माथ्यावर, ३,०२० मीटर उंचीवर, शाहरुख आणि काजोल उभे असतात. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चं कटआउट आहे ते. त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढायला भारतीयांची रांग लागते. आईबाबांबरोबर टूरवर गेलो तेव्हा मीही त्या रांगेत होतो. जून महिना होता. स्कीइंगचा सीझन संपलेला, त्यामुळे वर आपलीच माणसं जास्त. साडीवर जाडजूड जॅकेट चढवलेल्या काकू, बर्फाचे गोळे करून एकमेकांवर फेकणारे काका, आणि “चला, तीन वाजता केबल कारपाशी!” असं दर पाच मिनिटांनी ओरडणारा टूर मॅनेजर.

खाली उतारावर एका जागी बर्फाचा रंग वेगळा दिसत होता. मळकट पांढरा, आणि कडा अगदी सरळ. बाबा म्हणाले, “गोधड्या वाळत घातल्यात का रे?” टूर मॅनेजरने सांगितलं की ते खरंच कापड आहे. उन्हाळ्यात हिमनदी वितळू नये म्हणून तिच्यावर पांघरूण घालतात. सगळे हसले, मीही हसलो. मग ते कापड फ्रेममध्ये येणार नाही अशा बेताने आम्ही ग्रुप फोटो काढला.

घरी आल्यावर तो फोटो बघताना लक्षात आलं, की आल्प्सच्या बर्फावरचे जेवढे सिनेमे मी पाहिले होते त्यातल्या बहुतेकांनी हेच केलं होतं. कापड बाहेर, बर्फ आत. असं न करणारे दोन सिनेमे आठवले, दोन्ही पूर्वी पाहिलेले. रूबेन ऑस्टलुंडचा ‘फोर्स मॅज्युअर’ (२०१४) आणि उर्सुला मेयरचा ‘सिस्टर’ (२०१२). पहिला तुम्ही पाहिला असेल, निदान त्यातला हिमस्खलनाचा सीन तरी कुठल्यातरी क्लिपमध्ये समोर आला असेल. दुसरा बहुधा नसेल. आठ वर्षं मी पहिल्याला थोर आणि दुसऱ्याला ‘चांगला आहे’ म्हणत आलो. आता दोन्ही परत पाहिल्यावर हा क्रम मला उलटा करावासा वाटतोय. (पुढे दोन्हींचे शेवट सांगितले आहेत. स्पॉयलरचा राग येत असेल तर आधी सिनेमे बघा.)

आधी थोडं मागे जाऊ. स्कीइंगचा सिनेमा जन्मला तोच बर्फाच्या प्रेमात पडून. आर्नोल्ड फांक हा भूगर्भशास्त्र शिकलेला जर्मन दिग्दर्शक. १९३१ साली त्याने ‘डेअर वाइस राउश’, म्हणजे ‘शुभ्र धुंदी’, नावाचा सिनेमा केला. लेनी रीफेनश्टाल त्यात स्कीइंग शिकते, हानेस श्नायडर शिकवतो. गोष्ट नावापुरतीच. पडझड, पाठलाग आणि बर्फाचे उडणारे फवारे, बस. क्राकाउअरने १९४७ साली आणि सुझन सॉन्टॅगने १९७५ साली फांकच्या या पर्वतपटांचं नातं पुढे जर्मनीत जे झालं त्याच्याशी जोडलं. या विशिष्ट सिनेमापुरतं मला ते जरा ताणलेलं वाटतं, कारण तो खरंच नुसता दंगा आहे. पण दंग्यातल्या दोघांचं पुढे काय झालं ते बघा. रीफेनश्टालने हिटलरच्या मेळाव्यावर ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ काढला. श्नायडरला १९३८ साली नाझींनी अटक केली आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला. शुभ्र उतारावर कोणी राहायचं हे उतार ठरवत नव्हता. फांकच्या फ्रेममध्ये मात्र उताराशिवाय काहीच नव्हतं.

आपल्याकडे काश्मीरमधलं शूटिंग थांबत गेलं आणि बर्फ स्वित्झर्लंडमधून येऊ लागला. यश चोप्रांचा पुतळा २०१६पासून इंटरलाकेनमध्ये उभा आहे, तो उगीच नाही. आपल्या गाण्यांतल्या आल्प्समध्ये कुणी काम करत नाही. कुणाला थंडीसुद्धा वाजत नाही, निदान शिफॉनच्या साडीतल्या नायिकेला तरी नाही. बाँडच्या सिनेमांतही तेच, फक्त साडीऐवजी बंदूक. हे वाईट आहे असं नाही. मीही त्या रांगेत उभा होतोच. पण हा झाला फोटो.

‘फोर्स मॅज्युअर’ची सुरुवातच अशा फोटोने होते. टोमास, एब्बा आणि वेरा-हॅरी ही दोन मुलं, असं एक स्वीडिश कुटुंब पाच दिवस फ्रेंच आल्प्समध्ये आलंय. उतारावरचा फोटोग्राफर त्यांना जवळजवळ उभं करतो. डोकी टेकवा, हसा. दुसऱ्या दिवशी ते एका रेस्तराँच्या गच्चीवर जेवत असतात. समोरच्या डोंगरावर धडाका होतो आणि बर्फ सुटतो. टोमास म्हणतो, काळजी नको, हे मुद्दाम केलेलं आहे, नियंत्रित आहे. लोक फोन काढून शूट करायला लागतात. बर्फ येत राहतो. मग अचानक किंचाळ्या. एब्बा मुलांना कवेत घेते, आणि टोमास फोन व हातमोजे उचलून पळतो. पडदा पांढरा होतो. थोड्या वेळाने तो नुसता बर्फाचा धुरळा होता हे कळतं, माणसं हसत परत येतात, टोमासही येतो आणि टेबलाशी बसतो. कॅमेरा या सगळ्यात जागचा हललेला नसतो.

हा सीन कितीदाही पाहिला तरी पोटात गोळा येतो. पुढचा सिनेमा म्हणजे त्या काही सेकंदांचा हिशेब. टोमास म्हणतो, मी पळालोच नाही. एब्बा म्हणते, पळालास. शेवटी माट्स आणि फॅनी या मित्रांसमोर टोमासच्याच फोनमधला व्हिडिओ लावला जातो आणि त्यात कुणीतरी धावत असल्याचं दिसतं. नवऱ्याविरुद्ध साक्ष देणारा फोन. २०१४ साली हे हुशारीचं वाटलं होतं, आता रोजचंच वाटतं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो मित्राच्या खोलीवर, सहा-सात जणांनी मिळून, लॅपटॉपवर. नंतर रात्री दोनपर्यंत एकच वाद. तू असतास तर पळाला असतास का? मुलगे टोमासची बाजू घेत होते, “रिफ्लेक्स असतो रे तो.” मुली गप्प राहून हसत होत्या, जे जास्त लागत होतं. एका मैत्रिणीने सरळ विचारलं, “फोन उचलायला रिफ्लेक्स झाला, पोरगं उचलायला नाही?” त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. सिनेमाचं यश तेच. तो प्रत्येकाला आरशासमोर उभं करतो. जगभर त्याच्यावर लिहिलं गेलं ते बहुतेक याच प्रश्नावर: पुरुषपण, नवरेपण, भित्रेपणा. कानमध्ये ‘अं सर्तें रगार’ विभागात त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला. २०२०मध्ये अमेरिकनांनी ‘डाउनहिल’ नावाने त्याची नक्कल केली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

ऑस्टलुंडला स्की रिसॉर्ट आतून माहीत आहे. तरुणपणी तो आल्प्समध्ये स्कीइंगच्याच फिल्म्स बनवत असे. म्हणून त्याचं रिसॉर्ट हे निसर्गस्थळ नाही, कारखाना आहे. रात्री डोंगरावरच्या नळ्यांतून स्फोट होतात, बर्फ हवा तेव्हा आणि हवा तिथेच पडावा म्हणून. दिवे लावलेली यंत्रं अंधारात उतार घासून सपाट करतात. लिफ्टचे सरकते पट्टे कुरकुरतात. या सगळ्यावर अकॉर्डियनवर वाजलेला विवाल्डी येतो, ‘फोर सीझन्स’मधला, आणि त्यातही चक्क उन्हाळा. बाहेरची बरीच दृश्यं फ्रान्समधल्या लेझ आर्क इथली आहेत. १९६८ पासून आराखडा आखून डोंगरावर वसवलेलं हे रिसॉर्ट वर ३,२२६ मीटरच्या शिखरापर्यंत, हिमनदीपर्यंत पोचतं. तिथला प्रत्येक सुंदर उतार कुणीतरी रात्रभर जागून केलेला असतो, हे ऑस्टलुंड इतक्या नीट दाखवतो की सकाळी टोमासचं कुटुंब त्या उतारावर उतरतं तेव्हा तो गालिच्यासारखा दिसतो.

पण कुणीतरी म्हणजे कोण? यंत्रं दिसतात, चालवणारे दिसत नाहीत. एकच माणूस दिसतो, हॉटेलचा सफाई कामगार. टोमास आणि एब्बा मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, आतल्या कपड्यांवर, भांडतात. आणि हा समोरच्या बाजूला उभा राहून शांतपणे बघतो. बोलत नाही. त्याच्या नजरेने ते दोघं अस्वस्थ होतात. थिएटरात इथे हशा पिकतो. पहिल्यांदा मीही हसलो होतो. रात्री दोनपर्यंत चाललेल्या आमच्या त्या वादात या माणसाचा उल्लेख एकदाही झाला नाही. तो संध्याकाळी कुठे जातो? वर राहतो की खाली? त्याला स्की येतं का? सिनेमाला माहीत नाही, आणि आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही.

‘सिस्टर’ त्या माणसाच्या घरी जातो. शब्दशः नाही, पण जवळजवळ. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ ‘वरचा मुलगा’ असा होतो आणि ते नावच एक थाप आहे, कारण बारा वर्षांचा सिमॉन खालचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या एका दरीत, सपाट, करड्या माळावर एकटीच उभी असलेली इमारत, तिथे तो आणि त्याची बहीण लुईझ राहतात. रोज सकाळी तो केबल कारने वर जातो. टॉयलेटमध्ये कपडे बदलतो, गिऱ्हाइकांसारखा दिसायला लागतो, आणि त्यांच्या स्की, गॉगल, हातमोजे, सॅकमधली सँडविचेस चोरतो. चोरलेली स्की बर्फात पुरून ठेवतो, संध्याकाळी खाली आणतो, साफ करतो आणि दरीतल्या पोरांना विकतो. घासाघीस करतो ती मुरलेल्या दुकानदारासारखी. रेस्तराँच्या किचनमधला माइक नावाचा स्कॉटिश सीझनल कामगार त्याला पकडतो आणि मग त्याचाच गिऱ्हाईक होतो. एवढ्या पैशांचं करतोस काय असा प्रश्न येतो तेव्हा सिमॉनची यादी टॉयलेट पेपर, दूध, पास्ता अशी असते.

मेयरने काय केलंय ते नीट बघण्यासारखं आहे. स्की रिसॉर्टवरच्या या सिनेमात स्कीइंग जवळजवळ नाही. वर गेल्यावर कॅमेरा शिखरांकडे बघतच नाही. लॉकर, गच्च्या, संडास, किचनचं मागचं दार, बर्फात उभ्या केलेल्या स्कींची रांग, एवढंच. छायाचित्रण आन्येस गोदारचं आहे आणि तिला सुंदर डोंगर टिपता येत नसतील असं नाही. पण सिमॉनला डोंगर दिसत नाही. त्याला ब्रँड दिसतात. कुठल्या स्कीला किती येतील हे त्याला लांबूनच कळतं. ज्याला वर येऊन बर्फ बघता येतो तो गिऱ्हाईक, आणि ज्याला बर्फावर ठेवलेली वस्तू दिसते तो कामाला आलेला. हा फरक मेयर संवादात कुठेही सांगत नाही, नुसता कॅमेरा कुठे ठेवायचा यातून सांगते. आणि दोन जगांमध्ये रस्ता असा एकच, ती केबल कार. तिकीट असेल तर दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही वेगळ्या वर्गात.

मग तो प्रसंग येतो. इथे मात्र मला लिहिताना थोडं थांबावं लागलं. लुईझच्या मित्राच्या गाडीत सिमॉन सांगून टाकतो की ही माझी बहीण नाही, आई आहे. अगदी कोवळ्या वयात झालेलं, तिला नकोसं वाटणारं मूल. बहीण हे सगळ्यांना सांगायचं नाव. सिनेमाच्या नावातलं नातंसुद्धा चोरीचंच निघतं. नंतर एका रात्री सिमॉन लुईझला पैसे देतो, तिच्या कुशीत झोपू द्यावं म्हणून. ती आढेवेढे घेते, रक्कम वाढते. वरून चोरलेल्या स्कींचे पैसे खाली आईच्या कुशीसाठी खर्च होतात. मला माहीत आहे, असं एका वाक्यात सांगितलं की ते रडवणारं, डाव टाकल्यासारखं वाटतं. पडद्यावर तसं नाही. लेआ सेदू आणि केसी मोते क्लाइन हा सीन असा करतात जणू घरातला रोजचा व्यवहार चाललाय, आणि म्हणूनच तो बघवत नाही.

ऑस्टलुंडचा प्रश्न ‘संकटात तू मुलांना सोडून पळशील का?’ असा आहे. मेयरकडे संकटच येत नाही. हिमस्खलन नाही, धडाका नाही. आईने मुलाला सोडणं हे इथे एका सेकंदात घडत नाही, रोज थोडं थोडं घडतं, पगार नाही म्हणून, वय पंचविशीचं म्हणून, समोर गाडी घेऊन कुणी उभा आहे म्हणून. टोमासचा भित्रेपणा तपासायला सिनेमाला पाच दिवसांची सुट्टी आणि एक खोटं हिमस्खलन लागतं. लुईझचा तपासायला काहीच लागत नाही. ‘फोर्स मॅज्युअर’वर आमचा वाद एवढा रंगला, कारण तो मजेचा होता. आपण पळालो असतो का, हे आरामात बसून विचारता येतं. लुईझच्या जागी आपण काय केलं असतं असं कुणी ‘सिस्टर’ बघून विचारत नाही. ती जागा कुणाला हवीच नसते.

आणि लुईझला शेवटी मिळणारं काम कुठलं? साफसफाईचं. पर्यटकांच्या शॅलेमध्ये. वर ज्या इंग्रज बाईला, क्रिस्टिनला, सिमॉन आई करू बघत असतो, तिच्याच ठिकाणी तो लुईझबरोबर जाऊन पोचतो आणि तिथेही चोरतो. म्हणजे ऑस्टलुंडच्या कॉरिडॉरमध्ये जो माणूस न बोलता उभा होता, त्याचंच काम करणारी बाई मेयरच्या सिनेमाची नायिका आहे. एका सिनेमात ती नजर विनोदासाठी वापरली आहे. दुसरा अख्खा सिनेमा त्या नजरेतून बघतो.

ऑस्टलुंडवर हा अन्याय होतोय का? थोडा. त्याचं म्हणणं असेल की मला फुगाच दाखवायचा होता, फुग्याबाहेरचं दाखवलं तर फुगा फुटतो. शिवाय २०२२च्या ‘ट्रायँगल ऑफ सॅडनेस’मध्ये त्याने सफाई कामगाराला थेट मध्यभागी आणलं. श्रीमंतांची बोट बुडते आणि बोटीवर संडास साफ करणारी अॅबिगेल बेटावर सगळ्यांची मालकीण होते. डॉली डी लिऑनने ती भूमिका जबरदस्त केली आहे. पण तिथेही अॅबिगेल ही श्रीमंतांना दिलेला झटका आहे. ती घरी पैसे कुणाला पाठवत होती, तिची बेटाआधीची संध्याकाळ कशी जायची, हे आपल्याला कळत नाही. ऑस्टलुंडला प्रयोग आवडतात. माणसं काचेच्या भांड्यात टाकायची आणि तापमान वाढवायचं. मेयरला तापमान वाढवायची गरज पडत नाही.

तापमानावरून परत त्या कापडाकडे. हे दोन्ही सिनेमे आले तेव्हा बर्फ असणार हे धरून चाललं होतं. टोमास बर्फाला घाबरतो ते बर्फ फार आहे म्हणून. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात आपल्या आकारमानाचा सुमारे ६ टक्के भाग गमावला आणि २०२३मध्ये आणखी ४ टक्के. दोन वर्षांत दहावा हिस्सा. त्याच दोन वर्षांत झेरमाट आणि चेर्विनिया यांच्यामध्ये, हिमनदीवरून, वर्ल्ड कपची नवी डाउनहिल शर्यत ठेवली होती. पहिल्या वर्षी बर्फ कमी म्हणून सगळ्या शर्यती रद्द, दुसऱ्या वर्षी हवामान फार खराब म्हणून रद्द. मधल्या काळात हिमनदीवर ट्रॅक तयार करणाऱ्या एक्स्कॅव्हेटरचे फोटो सगळीकडे फिरले. निळसर बर्फात पिवळं यंत्र, आपल्याकडे हायवेच्या कामावर दिसतं तसंच. ऑस्टलुंडचा रात्रीचा कारखाना आता दिवसाढवळ्या चालतो. कॉमेडीची ती धार आता राहिलेली नाही, कारण नियंत्रण आहे असं म्हणणारा टोमास आता एकटा उरलेला नाही.

‘सिस्टर’चा शेवटचा भाग मात्र आज जास्त खरा वाटतो, आणि क्रम बदलावासा वाटला तो मुख्यतः यामुळे. वसंत येतो, सीझन संपतो, गिऱ्हाइकं आणि माइकसारखे कामगार निघून जातात. सिमॉन तरीही वर जातो. लिफ्ट बंद, गच्च्या रिकाम्या, बर्फ विरघळून खालची माती आणि वाळकं गवत उघडं पडलेलं. चोरायला काही नाही. पूर्वी मला हा भाग रेंगाळलेला वाटला होता. आता बघताना वाटलं, फोटो काढून झाल्यावर मागे उरणारी जागा ती हीच. टिटलिसच्या उतारावर जूनमध्ये मी जे पाहिलं ते याच्या फार जवळचं होतं, फक्त तिथे कापड होतं आणि रांग होती.

सिमॉन एक रात्र एकटाच वर काढतो. सकाळी केबल कार सुरू होते, तो खाली यायला निघतो. समोरून वर जाणारी कार येते आणि तिच्यात लुईझ असते, त्याला शोधायला निघालेली. दोघं काचेतून एकमेकांना बघतात. मग दोन्ही कार आपापल्या दिशेने पुढे जातात, कारण त्या थांबवता येत नाहीत. मेयरने इथे थोडं जास्त जुळवून आणलंय असं माझ्या एका मित्राचं मत आहे. असेलही. मी त्याला म्हटलं, ती वर पोचेल, तो खाली पोचेल, आणि मग कुणाला तरी परत तिकीट काढावं लागेल. तो म्हणाला, सिमॉनकडे पास असेल. मला नाही वाटत.